मेडिक्लेम नाही आणि पेशंट ॲडमिट आहे: हॉस्पिटलच्या बिलाला सामोरं कसं जायचं

हॉस्पिटलचं बिल डिस्चार्जच्या दिवशी छापून निघत असलं, तरी ते ठरतं दाखल होतानाच. कुठल्या हॉस्पिटलात गेलात, कुठल्या वर्गाची खोली घेतलीत आणि पहिल्या दोन दिवसांत कुणाच्या टेबलावर कुठला कागद ठेवलात, यावर आकड्याचा मोठा भाग अवलंबून असतो. शेवटच्या दिवशी बिलिंग काउंटरवर हात जोडून मिळते ती चार-पाच टक्के सूट. म्हणून खालच्या पायऱ्या त्याच क्रमानं करा. हा सगळा मजकूर महाराष्ट्रापुरता आहे. दुसऱ्या राज्यात योजना आणि नियम वेगळे असतात.

१. पहिल्या तासात: कुठे न्यायचं

जीव धोक्यात असेल तर सगळ्यात जवळचं हॉस्पिटल, बाकी विचार नंतर. १०८ ची रुग्णवाहिका मोफत आहे. तातडीच्या रुग्णाला पैशासाठी अडवून न ठेवता आधी प्राथमिक उपचार देऊन स्थिर करणं प्रत्येक हॉस्पिटलवर बंधनकारक आहे, मग ते खाजगी का असेना. कॅज्युअल्टीत डिपॉझिटचा आग्रह झाला तर एवढंच म्हणा: "आधी उपचार सुरू करा, आणि डिपॉझिटशिवाय घेत नसाल तर तसं लेटरहेडवर लिहून द्या." असं लिहून द्यायला सहसा कुणी तयार होत नाही.

रुग्ण स्थिर असेल, म्हणजे तास-दोन तासांचा अवधी असेल, तर पर्याय या क्रमानं बघा.

सरकारी दवाखाना. १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रापासून ग्रामीण, उपजिल्हा आणि जिल्हा रुग्णालयापर्यंत, तपासणी आणि उपचार मोफत आहेत. ससून, जेजे यांसारखी वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालयं आणि महापालिकांची केईएम, सायन, नायर ही यात येत नाहीत. तिथे शुल्क लागतं, पण खाजगीच्या तुलनेत ते नगण्यच म्हणायचं. गर्दी असते, स्ट्रेचर आपणच ढकलावं लागतं, हे खरं. पण मोठ्या शस्त्रक्रियेचा हात तिथे बऱ्याच खाजगी नर्सिंग होमपेक्षा जास्त बसलेला असतो.

त्यानंतर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतलं अंगीकृत रुग्णालय (म्हणजे या सरकारी योजनेतल्या उपचारांसाठी नेमलेलं), मग धर्मादाय रुग्णालय (सार्वजनिक न्यासाचं), आणि निव्वळ खाजगी सगळ्यात शेवटी. एकच हॉस्पिटल अंगीकृतही असेल आणि धर्मादायही असेल, तर उत्तम. एक दार बंद झालं तरी दुसरं उरतं.

२. "विमा नाही" हे आधी तपासून बघा

मेडिक्लेमची पॉलिसी नाही म्हणजे कुठलंच संरक्षण नाही, असं नसतं. चौघांनी मिळून अर्ध्या तासात या गोष्टी तपासा.

पगाराच्या स्लिपवर ईएसआयची, म्हणजे कामगार राज्य विम्याची, कपात आहे का? महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार असलेल्या कामगाराच्या पगारातून ०.७५ टक्के कापले जातात आणि त्यावर त्याच्यासह कुटुंबाला उपचार मिळतात. कपात होते हे माहीत नसलेले कामगार पुष्कळ आहेत. ठेकेदाराकडे काम असेल तर त्याला विचारा.

मुलगा, सून किंवा जावई नोकरीत असेल तर त्यांच्या कंपनीच्या ग्रुप पॉलिसीत आईवडील किंवा सासूसासरे आहेत का, हे एचआरला फोन करून विचारा. जोडलेलं असतं आणि घरात कुणाला पत्ता नसतो, असं नेहमी होतं.

रुग्णाचं वय ७० किंवा त्याहून जास्त आहे का? मग उत्पन्न कितीही असो, आयुष्मान वय वंदना कार्डावर वर्षाला पाच लाखांपर्यंत उपचार मिळतात. ही सोय ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झाली. कार्ड आधारवरून निघतं.

रस्त्यावरचा अपघात आहे का? मोटार वाहनाच्या अपघातात नेमलेल्या रुग्णालयांत पहिल्या सात दिवसांसाठी दीड लाखापर्यंत कॅशलेस उपचाराची केंद्राची योजना मे २०२५ पासून लागू आहे. त्यासाठी पोलिसांकडे नोंद झालेली असली पाहिजे, म्हणून एमएलसी, म्हणजे हॉस्पिटलनं पोलिसांना कळवण्यासाठी केलेली नोंद, टाळू नका. "पोलीस केस नको, उगाच कटकट" म्हणणारे नातेवाईक इथे मोठं नुकसान करून ठेवतात. पुढे मोटार अपघात न्यायाधिकरणात भरपाई मागतानाही हाच कागद लागतो.

रुग्ण १८ वर्षांच्या आतलं मूल असेल, विशेषतः हृदयाला छिद्र वगैरे जन्मजात दोष असेल, तर राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाला गाठा. अंगणवाडी, शाळा किंवा जिल्हा रुग्णालयातून संपर्क मिळतो.

३. आरोग्यमित्राला शोधा

फुले योजनेच्या प्रत्येक अंगीकृत रुग्णालयात दाराजवळ एक खिडकी असते आणि तिथे आरोग्यमित्र, म्हणजे योजनेचा माणूस, बसतो. रिसेप्शनला "योजना आहे का?" असं विचारू नका, "आरोग्यमित्र कुठे बसतात?" असं विचारा. दोन प्रश्नांची उत्तरं वेगवेगळी येतात.

ही योजना २०१२ मध्ये राजीव गांधींच्या नावानं सुरू झाली. पुढे तिचं नाव बदललं, केंद्राच्या आयुष्मान भारतशी तिची जोडणी झाली आणि १ जुलै २०२४ पासून ती पिवळ्या-केशरी कार्डापुरती न राहता पांढऱ्या कार्डधारकांसह राज्यातल्या सगळ्या कुटुंबांसाठी खुली झाली. मर्यादा कुटुंबाला वर्षाला पाच लाख. कर्नाटकातल्या ८६५ सीमावर्ती मराठी गावांनाही ती लागू केली आहे. तरीही "आमचं कार्ड पांढरं, आम्हाला नाही मिळत" असं म्हणत लोक लाखभर रुपये भरून मोकळे होतात.

लागतं काय: रेशनकार्ड आणि आधार, किंवा आयुष्मान कार्ड. आधारवरचं नाव आणि रेशनकार्डावरचं नाव जुळलं पाहिजे. नुकतंच लग्न झालेली सून आणि नवजात बाळ यांची नावं कार्डावर नसतात, म्हणून त्यांची फाईल अडते. बाळासाठी जन्माचा दाखला आणि आईवडिलांचं कार्ड जोडून विचारा.

इथे तीन गोष्टी नीट समजून घ्या.

पहिली, योजनेत प्रत्येक आजार नाही, ठरलेल्या शस्त्रक्रिया आणि उपचार आहेत. डेंग्यू म्हणून दोन दिवस सलाईन लावलं तर ते बसेलच असं नाही. अँजिओप्लास्टी, कर्करोगाची केमो, डायलिसिस, हाड मोडल्यावरची शस्त्रक्रिया हे बसतं. एखादं रुग्णालय हृदयरोगासाठी अंगीकृत असतं, पण अस्थिरोगासाठी नसतं. तेव्हा नुसतं "हॉस्पिटल योजनेत आहे" एवढं पुरत नाही, आपला उपचार तिथे योजनेत होतो का, ते विचारायचं.

दुसरी, मंजुरी आधी घ्यायची असते. शस्त्रक्रिया झाल्यावर, पैसे भरल्यावर, "आता योजनेत बसवा" म्हटलं तर दार बंद. तातडीची केस असेल तर आरोग्यमित्र फोनवरून मंजुरी घेऊ शकतो, तसं त्याला सांगा.

तिसरी, मंजुरी मिळाल्यावर त्या उपचाराच्या पॅकेजमध्ये तपासण्या, शस्त्रक्रिया, औषधं, रुग्णाचं जेवण आणि डिस्चार्जनंतरची दहा दिवसांची औषधं धरलेली असतात. "योजनेतून ऑपरेशन, पण इम्प्लांटचे वीस हजार वेगळे" अशी मागणी झाली तर पावती मागा आणि १५५३८८ किंवा १८०० २३३ २२०० या टोल-फ्री क्रमांकावर तिथूनच फोन लावा. आयुष्मान भारतचा क्रमांक १४५५५.

४. धर्मादाय रुग्णालय: दहा टक्क्यांचा हक्क

ही पायरी सावकाश वाचा. लाखांचा फरक इथे पडतो आणि चुकाही इथेच जास्त होतात.

सार्वजनिक न्यास म्हणून नोंदलेली मोठी रुग्णालयं महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ४१कक खाली येतात. मुंबई उच्च न्यायालयानं मंजूर केलेली योजना सप्टेंबर २००६ पासून लागू आहे. तिच्यानुसार एकूण खाटांपैकी दहा टक्के निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांतल्या रुग्णांसाठी सवलतीच्या दरात राखून ठेवाव्या लागतात. मुंबईतलं जसलोक, लीलावती, हिंदुजा, बॉम्बे हॉस्पिटल, पुण्यातलं रुबी हॉल, जहांगीर, दीनानाथ मंगेशकर ही नावं ऐकून "हे आपल्यासाठी नाही" असं वाटतं. पण तीही याच यादीत आहेत. पूर्ण यादी धर्मादाय आयुक्तालयाच्या संकेतस्थळावर जिल्हावार मिळते आणि रिकाम्या राखीव खाटांचा आकडाही तिथे दिसतो. निघण्याआधी त्याचा स्क्रीनशॉट काढून ठेवा.

उत्पन्नाची मर्यादा कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नावर आहे: निर्धनांसाठी १,८०,००० रुपये आणि दुर्बल घटकांसाठी ३,६०,००० रुपये. जुन्या बातम्यांमध्ये ८५,००० आणि १,६०,००० हे आकडे सापडतील. कधीकधी काउंटरवरही तेच सांगतात. ते मागे पडले आहेत.

पैसे कुठून येतात हे माहीत असलं की बोलायला जोर येतो. रुग्णालयाला इतर रुग्णांच्या एकूण बिलाच्या दोन टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत, म्हणजे सगळे ज्याला 'आयपीएफ' म्हणतात त्यात, वेगळी ठेवावी लागते. तुमचं बिल त्या खात्यातून वळतं होतं. हॉस्पिटल तुमच्यावर उपकार करत नसतं.

निर्धन रुग्णाला खाट, निवासी डॉक्टर, नर्सिंग, जेवण, चादरी, वीज-पाणी आणि नेहमीच्या तपासण्या मोफत. बाकीच्या सेवांचं बिल सगळ्यात खालच्या वर्गाच्या दरानं आणि औषधं, साहित्य, इम्प्लांट हॉस्पिटलच्या खरेदी किमतीनं लावून ती रक्कम निधीत टाकली जाते. दुर्बल घटकातल्या रुग्णालाही दर तेच लागतात, पण औषधं, साहित्य आणि इम्प्लांटच्या बिलाची किमान निम्मी रक्कम त्याला भरावी लागते. 'खरेदी किमतीनं' हा शब्द लक्षात ठेवा. छापील किंमत आणि हॉस्पिटलची खरेदी किंमत यांत काही इंजेक्शनांच्या बाबतीत दुपटी-तिपटीचा फरक असतो.

करायचं काय ते आता. बिलिंगकडे जाऊ नका, वैद्यकीय समाजसेवकाकडे जा. मोठ्या हॉस्पिटलांत त्यांना 'एमएसडब्ल्यू' म्हणतात. तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला किंवा रेशनकार्ड आणि दारिद्र्यरेषेचं कार्ड, रुग्णाचं आधार आणि डॉक्टरांचं पत्र घेऊन लेखी अर्ज द्या. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर तारीख आणि वेळेसह पोच घ्या. या दोन वर्गांत दाखल होणाऱ्या रुग्णाकडून डिपॉझिट मागता येत नाही.

उत्पन्नाचा दाखला हाताशी नसेल तर? आपले सरकार सेवा केंद्रात त्याच दिवशी अर्ज टाका. दाखल्याची मुदत पंधरा दिवसांची आहे, पण हॉस्पिटलचं पत्र घेऊन तहसील कार्यालयात कुणी प्रत्यक्ष गेलं तर लवकर सुटतो. तोवर अर्जाची पावती समाजसेवकाला दाखवून "दाखला इतक्या दिवसांत आणून देतो" असं हमीपत्र लिहून द्या आणि रुग्णाची नोंद आधीच त्या वर्गात करायला सांगा.

नेहमीची उत्तरं आणि त्यावर काय करायचं:

"खाटा भरल्या आहेत." स्क्रीनशॉट दाखवा. मग लेखी नकार मागा.

"निधी संपला आहे." दोन टक्के दर बिलामागे जमा होतच असतात आणि त्याचा हिशोब धर्मादाय कार्यालयाला द्यावा लागतो. हेही लिहून मागा.

"तुम्ही आधी ट्विन शेअरिंग (दोन रुग्णांची खोली) घेतलंत, आता सवलत कशी?" या उत्तरात मात्र तथ्य असतं. दोन लाख भरून, एसी खोलीत चार दिवस राहून मग निर्धन म्हणून अर्ज केला तर समाजसेवकही हतबल होतो. म्हणून पहिल्या दिवशी जनरल वॉर्डच घ्या.

नकार मिळाला तर जिल्ह्याच्या सहायक किंवा सहधर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात लेखी तक्रार करा. मुंबईत आयुक्तालय वरळीला आहे. रुग्ण अजून दाखल असताना केलेल्या तक्रारीवर निरीक्षकाचा फोन हॉस्पिटलला जाऊ शकतो. घरी आल्यावरच्या तक्रारीची फाईल होते.

५. फाईल बनवा

इथून पुढे प्रत्येक ठिकाणी हेच कागद लागतात, म्हणून एका माणसाला हेच काम द्या. शक्यतो असा माणूस, ज्याला रुग्णाजवळ रात्री बसायचं नाही.

- रुग्णाचं आणि कुटुंबप्रमुखाचं आधार, प्रत्येकी दहा झेरॉक्स
- रेशनकार्ड, पहिलं आणि शेवटचं पान दोन्ही
- तहसीलदाराचा चालू वर्षाचा उत्पन्नाचा दाखला
- डॉक्टरांच्या सहीशिक्क्याचं निदान आणि खर्चाचं अंदाजपत्रक, मूळ प्रत
- तपासण्यांचे रिपोर्ट, एक्सरे-सीटीच्या फिल्मचे फोटो
- अपघात असेल तर एफआयआर किंवा एमएलसीची प्रत
- भरलेल्या प्रत्येक पैशाची पावती
- रुग्णाचे चार फोटो

उत्पन्नाचा दाखला आणि अंदाजपत्रक यांची मूळ प्रत कुणालाही देऊ नका. मूळच हवी असा हट्ट असेल तर डॉक्टरांकडून आधीच दोन मूळ प्रती घेऊन ठेवा.

६. अंदाजपत्रक घ्या आणि खोलीचा वर्ग सांभाळा

योजनेत आणि धर्मादायमध्ये काहीच बसलं नाही, तर पूर्ण पैसे भरायचे आहेत. अशा वेळी लेखी अंदाजपत्रक घ्यायचंच. त्यात हे वेगवेगळं लिहिलेलं हवं: खोली किती दिवस, आयसीयू किती दिवस, सर्जनची फी, भूलतज्ज्ञाची फी, ऑपरेशन थिएटर, इम्प्लांट कंपनीच्या नावासह, औषधं, तपासण्या. "साधारण दीड-दोन लाख होतील" याला अंदाजपत्रक म्हणत नाहीत. गुंतागुंत झाली तर आकडा वाढतो, ते मान्य. पण वाढ कशामुळे झाली, हे विचारायला आधीचा कागद लागतो.

खोलीबद्दल बहुतेकांचा गैरसमज असतो. जनरल वॉर्ड आणि स्वतंत्र खोली यांत फक्त भाड्याचा फरक नसतो. बहुतेक खाजगी हॉस्पिटलांत डॉक्टरची व्हिजिट, सर्जनची फी, थिएटरचं भाडं, कधी रक्ताच्या तपासण्यासुद्धा खोलीच्या वर्गानुसार चढतात. भाडं दिवसाला दोन हजारांनी वाढलं म्हणून दहा दिवसांचे वीस हजार धरले, तर प्रत्यक्षात त्याच्या कितीतरी पट फरक पडतो. शिवाय आयसीयू सोडून इतर खोलीचं भाडं दिवसाला ५,००० रुपयांच्या वर गेलं की त्यावर पाच टक्के जीएसटी लागतो.

"जनरल रिकामा नाही, तोवर सेमी-स्पेशल घ्या" असं सांगितलं तर अर्जावर लिहा: "जनरल वॉर्डची मागणी केली आहे, खाट रिकामी होताच हलवावे." ही एक ओळ बिलाच्या वादात उपयोगी पडते.

७. रोज संध्याकाळी अंतरिम बिल

रोज संध्याकाळी बिलिंगमधून त्या दिवसापर्यंतचं बिल छापून घ्या. दोन फायदे. रक्कम एकदम अंगावर येत नाही आणि चूक झाली तर त्या दिवसाच्या नर्सला आठवत असतं. दहा दिवसांनी कुणालाच काही आठवत नाही.

सोबत एक वही ठेवा. कुठला डॉक्टर किती वाजता आला, कुठलं इंजेक्शन दिलं, कुठली तपासणी नेली. नर्सच्या नोंदींएवढं बारीक नको, तारीख आणि काट्या मारल्या तरी पुरे.

औषधांबद्दल डॉक्टरांना सरळ विचारा: "याच घटकाचं स्वस्त ब्रँड चालेल का?" वॉर्डात दिली जाणारी महागडी प्रतिजैविकं एकाच घटकाची असूनही कंपनीगणिक किमतीत प्रचंड फरक असतो. डॉक्टर नाही म्हणाले तर कारण विचारा, वाद घालू नका. गोळ्या, बीपी-शुगरची नेहमीची औषधं जनऔषधी केंद्रातून आणता येतात. हॉस्पिटलच्याच मेडिकलमधून घ्या अशी सक्ती करता येत नाही; राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाच्या रुग्ण हक्क सनदेत औषधं आणि तपासण्या कुठून घ्यायच्या हे निवडण्याचा हक्क लिहिलेला आहे. अर्थात सतत थंड ठेवावी लागणारी इंजेक्शनं बाहेरून आणताना बर्फाच्या पिशवीत आणि पक्क्या बिलासह आणा, नाहीतर वॉर्ड ती नाकारेल आणि ते बरोबरच असेल.

स्टेंट आणि गुडघ्याचे सांधे यांच्या किमतींवर केंद्रानं २०१७ पासून कमाल मर्यादा घातली आहे. औषध लावलेल्या स्टेंटची मर्यादा तेव्हा २९,६०० रुपये होती. ती वेळोवेळी वाढत आता चाळीस हजारांच्या आसपास आहे. बिलात स्टेंटचं नाव, बॅच क्रमांक आणि किंमत वेगळी दाखवायला लावा आणि खोक्यावरचं स्टिकर केसपेपरला चिकटवलंय ना, बघा. जास्त किंमत लावली असेल तर राष्ट्रीय औषध मूल्य प्राधिकरणाचा क्रमांक १८०० १११ २५५.

न वापरलेली औषधं परत द्या. डिस्चार्जच्या आदल्या रात्री नर्सकडून परतीची यादी करून घ्या. सकाळच्या गडबडीत ही पिशवी हमखास वॉर्डातच राहते.

८. मदतनिधी: अर्ज उपचार चालू असतानाच

मुख्यमंत्री सहाय्यता निधीसाठी कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न १,६०,००० रुपयांच्या आत हवं. आजारांची यादी ठरलेली आहे: कर्करोग, हृदयविकार, मेंदूचे विकार, डायलिसिस, अवयव प्रत्यारोपण, अपघात, भाजणं, नवजात बाळांचे आजार, खुबा-गुडघा बदलणं वगैरे. हॉस्पिटल या निधीच्या यादीत नोंदलेलं असावं लागतं. खाजगी हॉस्पिटलचं अंदाजपत्रक जिल्हा शल्यचिकित्सकांकडून प्रमाणित करून घ्यावं लागतं. नेमका हाच शिक्का राहून गेल्यामुळे अर्ज परत येतात. फुले योजना, धर्मादाय खाट किंवा बाल स्वास्थ्य कार्यक्रमातून उपचार होत असतील तर आधी तिकडे पाठवतात. मदत हॉस्पिटलच्या खात्यात जाते, तुमच्या नाही. त्यामुळे सगळं बिल भरून घरी आल्यावर पावत्या जोडून परतावा मागण्यात अर्थ नाही. मंत्रालयात खेपा घालण्याआधी जिल्हाधिकारी कार्यालयातल्या कक्षात चौकशी करा.

पंतप्रधान राष्ट्रीय मदत निधीतूनही अंशतः मदत मिळते, तीही सरकारी आणि यादीतल्या खाजगी रुग्णालयांसाठीच.

याखेरीज सिद्धिविनायक मंदिर न्यासासारख्या देवस्थानांचे आणि खाजगी न्यासांचे वैद्यकीय निधी आहेत. त्यांचे पत्ते आणि कुणाचा अर्ज कुठल्या वारी घेतात, हे मोठ्या रुग्णालयातल्या समाजसेवकाला तोंडपाठ असतं. टाटा मेमोरियलसारख्या ठिकाणी तर हा विभागच मोठा आहे. एकाच ठिकाणी पूर्ण रक्कम मागू नका. न्यास थोडे-थोडे देतात आणि दुसऱ्यानं दिलंय हे दिसलं की त्यांचा विश्वास वाढतो. बांधकाम कामगार मंडळात नोंदणी असेल तर गंभीर आजाराची मदत तिथेही मागा.

ऑनलाइन वर्गणी गोळा करायची असेल तर व्यासपीठाचं शुल्क आधी वाचा आणि पैसे थेट हॉस्पिटलच्या खात्यात जातील असा पर्याय निवडा. "मंजूर करून देतो, दहा टक्के द्या" म्हणणारा माणूस हॉस्पिटलच्या आवारात भेटतोच. कुठल्याच सरकारी निधीला असा मध्यस्थ लागत नाही.

९. अंतिम बिल: कुठे बोट ठेवायचं

सविस्तर, ओळीनिहाय बिल हा रुग्णाचा हक्क आहे. 'औषधं ६८,०००' अशी एक ओळ चालवून घेऊ नका. बिल हातात आल्यावर पैसे भरण्याआधी तासभर मागून घ्या आणि वहीशी ताडून हे तपासा.

दिवसांची मोजणी: काही हॉस्पिटलं २४ तासांचा दिवस धरतात, काही ठरलेल्या वेळेला दिवस बदलतात. रात्री अकराला दाखल होऊन सकाळी नऊपर्यंत दोन दिवस लागले का? आयसीयूतून वॉर्डात हलवलं त्या दिवशी दोन्हीकडचं भाडं लागलं का?

व्हिजिट: बिलात तीन दिसतात आणि वहीत एक. केसपेपरवर डॉक्टरांची नोंद दाखवा म्हणायचं.

दुहेरी आकारणी: थिएटरच्या पॅकेजमध्ये हातमोजे, टाके, ड्रेप धरलेले असतात आणि औषधांच्या बिलात पुन्हा येतात. ही सर्वांत जास्त सापडणारी चूक आहे. आयसीयूच्या भाड्यात मॉनिटर धरलेला असताना 'मॉनिटर चार्जेस' वेगळे आहेत का, तेही बघा.

तासांवर लागणारं: ऑक्सिजन, व्हेंटिलेटर. सुरू आणि बंद केल्याची वेळ आयसीयू चार्टवर असते.

रद्द झालेल्या तपासण्या, परत दिलेली औषधं, आधी भरलेलं डिपॉझिट वजा झालंय का.

'इतर', 'प्रशासकीय', 'कचरा विल्हेवाट' अशा ओळी: दर्शनी भागात लावलेल्या दरपत्रकात त्या आहेत का? महाराष्ट्र शुश्रूषागृह नोंदणीच्या २०२१ च्या नियमांनुसार हॉस्पिटलला दरपत्रक आणि रुग्ण हक्क सनद दिसेल अशी लावावी लागते.

काउंटरवरच्या मुलाशी भांडू नका, त्याच्या हातात काही नसतं. चुका कागदावर लिहून बिलिंग मॅनेजरकडे द्या. आधी चुका दुरुस्त करून घ्या आणि मग सवलत मागा. उलट केलंत तर "सवलत दिली ना" म्हणून चुका तशाच राहतात. डॉक्टरांची स्वतःची फी कमी करणं डॉक्टरांच्याच हातात असतं, म्हणून त्यांना राउंडला स्वतंत्रपणे विनंती करा. भिडेखातर बरेच जण हे टाळतात.

१०. पैसे अपुरे पडले तर

बिल थकलं म्हणून रुग्णाला अडकवून ठेवणं किंवा मृतदेह न देणं बेकायदा आहे. मुंबई उच्च न्यायालयानंही रुग्णाला असं डांबून ठेवणं चुकीचं ठरवलं आहे. असं झालं तर ११२ ला फोन करा आणि महापालिका क्षेत्रात आरोग्य अधिकाऱ्यांना, बाकी ठिकाणी जिल्हा शल्यचिकित्सकांना कळवा. बिल मात्र त्यामुळे माफ होत नाही. हॉस्पिटल दिवाणी मार्गानं वसूल करू शकतं. म्हणून हप्त्यांचं लेखी वेळापत्रक देऊन डिस्चार्ज घेणं बरं.

त्या वेळी कोरा किंवा पुढच्या तारखेचा चेक देऊ नका. चेक वटला नाही तर साध्या थकबाकीचा फौजदारी खटला होतो. हमीपत्रात रक्कम, हप्ते आणि तारखा लिहा, सही करा, प्रत ठेवा.

रोख नेताना लक्षात असू द्या, एका उपचारासाठी दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख रक्कम खाजगी हॉस्पिटल घेऊ शकत नाही. नातेवाइकांकडून गोळा झालेली रोकड रविवारी घेऊन गेलात तर अडाल. चार जणांच्या खात्यांतून थेट हॉस्पिटलच्या खात्यात पाठवा.

कर्ज काढायचंच झालं तर आधी पीएफमधून आजारपणासाठीची रक्कम, मग बँकेतलं सोनेतारण, मग पतसंस्था. मोबाइलवरची झटपट कर्जाची ॲप आणि बिनपरवान्याचा सावकार या यादीत नाहीत.

११. घरी आल्यावर

डिस्चार्ज समरी, अंतिम बिल, सगळ्या पावत्या आणि केसपेपरची प्रत घ्या. लेखी मागणी केल्यापासून ७२ तासांत वैद्यकीय नोंदींची प्रत देणं डॉक्टरांवर बंधनकारक आहे. बिलातली फसवणूक किंवा सेवेतली कसूर यासाठी जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, वकील सक्तीचा नाही.

रुग्ण ६० वर्षांवरचा असेल आणि त्याचा आरोग्य विमा नसेल, तर त्याच्या उपचारावर झालेल्या खर्चापैकी ५०,००० रुपयांपर्यंतची वजावट जुन्या करप्रणालीत मिळते. खर्च करणारा मुलगा किंवा मुलगी असेल तर त्यांनाही. रोखीनं भरलेले पैसे यात धरत नाहीत, त्यामुळे यूपीआय किंवा बँकेतून भरलेल्या पावत्या वेगळ्या पाकिटात ठेवा.